पाळण्याआधीचे बाळ



लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला एक प्रसंग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. मरीया डोंगराळ प्रदेशातल्या अलीशिबेच्या घरी जाते, तिला अभिवादन करते, आणि तो आवाज कानी पडताच अलीशिबेच्या पोटातले बाळ आनंदाने उडी मारते. देवदूताने मरीयेला निरोप दिला तेव्हा अलीशिबेला सहावा महिना होता, हेही लूक सांगतो. त्या दिवशीचा आनंद पवित्र आत्म्याचा होता, असे आपण मानतो. पण सहा-सात महिन्यांचे बाळ पोटात हलते, आवाज ऐकते आणि आवाजाने दचकते, एवढी गोष्ट आज सोनोग्राफीच्या पडद्यावरही दिसते.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. खरे पाहिले तर ते पाय पाळण्याच्या पुष्कळ आधीपासून हलत असतात. बाळाचे वागणे जन्माच्या घटकेला सुरू होत नाही. पोटात सुरू झालेलेच ते बाहेर पुढे चालू राहते.

हा विषय या अंकात घेण्याचे कारण आहे. ज्या पाड्यांवर आपले काम चालते, तेथे बालकाच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे जन्मानंतरचे पहिले २८ दिवस. या दिवसांत बाळाला बोलता येत नाही. त्याचे हलणे, रडणे, चोखणे, झोपणे हीच त्याची भाषा असते. ती कशी तयार होते हे समजले तर ती वाचता येते. आणि ती वाचणारे कोणी घरात असेल तर बाळ वाचते.

पहिली हालचाल

डॉक्टर गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्या हिशेबाने सातव्या-आठव्या आठवड्यात बाळाची पहिली हालचाल होते. तेव्हा ते वालाच्या दाण्याएवढे असते. आईला तर यातले काहीच जाणवत नाही.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे हाइन्झ प्रेश्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या वर्षांत सोनोग्राफीने पोटातल्या बाळांचे तासन्‌तास निरीक्षण केले. त्यांना असे आढळले की पंधराव्या आठवड्यापर्यंत बाळ आळस देते, जांभई देते, उचकी घेते, हात तोंडाकडे नेते, चोखते आणि गर्भजल गिळते. छाती वरखाली करून श्वासाचा सरावही करते, जरी तेथे श्वास घ्यायला हवा नसते. नवजात बाळ जे जे करते, त्यातले बहुतेक सगळे त्याने पोटात आधीच करून पाहिलेले असते.

विशेष म्हणजे ही हालचाल कोणी स्पर्श केला म्हणून किंवा आवाज झाला म्हणून सुरू होत नाही. ती आतूनच सुरू होते, आणि तिला काम असते. हातपाय हलतात म्हणून सांधे मोकळे राहतात आणि स्नायू वाढतात. काही कारणाने पोटातली हालचाल फार कमी झाली, तर बाळ आखडलेले सांधे घेऊन जन्माला येते. श्वासाच्या सरावाने फुप्फुसे वाढतात. शरीर वागण्याला घडवते, तसे वागणेही शरीराला घडवते.

आईला बाळ फिरल्याचे कळते ते साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात. पहिलटकरणीला थोडे उशिरा कळते, दुसरेपणाला थोडे आधी. पुढे पुढे बाळाच्या झोपेच्या आणि जागेपणाच्या वेळा आईला ओळखू येऊ लागतात. बाळ काही वेळ शांत असते ते बहुधा झोपलेले असते. पण शेवटच्या महिन्यांत नेहमीची हालचाल स्पष्टपणे कमी झाली, तर ‘उद्या पाहू’ म्हणू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. पोटातल्या बाळाला हाक मारण्याचा एवढाच मार्ग असतो.

अंड्यातले शिक्षण

पाड्यावर ज्याच्या घरी कोंबडी खुडूक बसते, त्याला माहीत असते की पिल्लू बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी अंड्यातून बारीक चिवचिव ऐकू येते. ही चिवचिव कशासाठी असते?

अमेरिकेत गिल्बर्ट गॉटलिब या शास्त्रज्ञाने बदकाच्या पिल्लांवर यासंबंधी प्रयोग केले. अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू आपल्या जातीच्या आईच्या हाकेकडे धावते. सगळे म्हणत, ही उपजत बुद्धी आहे, त्यात शिकण्यासारखे काही नाही. गॉटलिब यांनी काही पिल्ले अंड्यात असतानाच इतरांपासून वेगळी ठेवली आणि त्यांचा स्वतःचा आवाजही बंद केला. अशी पिल्ले बाहेर आल्यावर गोंधळली. बदकीणीची हाक आणि कोंबडीची हाक यांतला फरक त्यांना नीट कळेना. म्हणजे आईची हाक ओळखण्यासाठी पिल्लाला अंड्यात स्वतःची चिवचिव ऐकावी लागते.

यातून एक मोठी गोष्ट शिकायला मिळते. ‘उपजत’ म्हणजे न शिकता आलेले, असे समजण्याचे कारण नाही. जन्माच्या आधीही शिक्षण होत असते, आणि ते इतके शांतपणे होते की आपल्याला दिसत नाही.

आईचा आवाज, आईची भाषा

माणसाच्या बाळाला सहाव्या-सातव्या महिन्यापासून आवाज ऐकू येऊ लागतो. बाहेरचे आवाज पोटाच्या भिंतीतून आणि पाण्यातून दबून येतात. आईचा आवाज मात्र तिच्या शरीरातूनही येतो, म्हणून तोच सर्वांत स्पष्ट असतो.

१९८० साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी तीन दिवसांहून लहान बाळांच्या तोंडात रबरी बोंडले दिले. ते विशिष्ट तऱ्हेने चोखले तर आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या तऱ्हेने चोखले तर परक्या स्त्रीचा. बाळांनी आईचा आवाज येईल तसे चोखायला सुरुवात केली. पुढे १९८६ मध्ये डीकॅस्पर यांनी मेलनी स्पेन्स यांच्यासोबत आणखी एक प्रयोग केला. गर्भवती स्त्रियांनी शेवटचे सहा आठवडे रोज दोनदा एकच गोष्ट मोठ्याने वाचली. जन्मानंतर बाळांनी नव्या गोष्टीपेक्षा तीच गोष्ट पसंत केली, आणि ती दुसऱ्या बाईच्या आवाजात असली तरीही!

येथे एक गैरसमज टाळायला हवा. बाळाला त्या गोष्टीचा अर्थ कळत नव्हता. त्याच्या ओळखीची झाली होती ती लय, म्हणजे बोलण्यातला चढ-उतार. पोटाला यंत्रे लावून बाळाला हुशार करण्याच्या ज्या जाहिराती होतात, त्यांना यातून काही आधार मिळत नाही. आईने रोजच्यासारखे बोलावे, गावे, हसावे, शेजारणीशी गप्पा माराव्यात. बाळाला तेवढे पुरते.

या लयीची छाप किती खोल असते पाहा. जर्मनीतल्या व्युर्त्सबर्ग येथील काथलीन वेर्मके यांच्या गटाने २००९ साली फ्रेंच आणि जर्मन बाळांच्या रडण्याची तुलना प्रसिद्ध केली. बाळे दोन ते पाच दिवसांची होती. फ्रेंच बाळांचे रडणे चढत्या सुराचे होते, जर्मन बाळांचे उतरत्या सुराचे. त्या दोन भाषांच्या बोलण्याची चालही तशीच आहे.

आता आपल्या भागाचा विचार करू. मेळघाटातल्या कोरकू आईचे बाळ कोरकूची लय घेऊन जन्माला येते. गडचिरोलीतल्या माडिया आईचे बाळ माडियाची, सातपुड्यातल्या पावरा आईचे पावरीची, डहाणू-तलासरीकडच्या वारली आईचे वारलीची. ‘या लोकांना भाषा नाही, बोली आहे’, असे कोणी सहज म्हणून जाते. पण त्या बाळासाठी जगातली पहिली ओळखीची गोष्ट तीच असते. दवाखान्यात परक्या भाषेत ओरडून बोलणाऱ्या माणसांच्या गर्दीत, आईचे तिच्या बोलीतले दोन शब्द बाळाला जो धीर देतात, तो दुसरे कोणी देऊ शकत नाही. म्हणून प्रसूतीच्या वेळी तिची भाषा जाणणारी एक बाई तिच्याजवळ असावी. आई शांत असेल तर तिचा आवाज शांत राहतो, आणि बाळ तो ओळखते.

जन्मानंतरचा पहिला तास

आई जे खाते त्याची चव आणि वास गर्भजलात उतरतो. बाळ ते पाणी गिळत असते. फ्रान्समध्ये बडीशेपेसारख्या चवीचे पदार्थ गरोदरपणी खाल्लेल्या आयांची बाळे जन्मानंतर त्या वासाकडे वळली, इतर बाळे वळली नाहीत. म्हणजे आईच्या घरच्या जेवणाची ओळख बाळाला आधीच झालेली असते.

हीच ओळख त्याला पहिल्या तासात उपयोगी पडते. कोरडे पुसलेले उघडे बाळ आईच्या उघड्या पोटावर-छातीवर ठेवले, वरून दोघांना कापड पांघरले आणि घाई केली नाही, तर ते प्रथम थोडे रडते, मग शांत होते, डोळे उघडते, हात तोंडात घालते आणि पायाने रेटत हळूहळू वर सरकते. साधारण तासाभरात बरीच बाळे स्वतःच स्तनापर्यंत पोहोचून चोखू लागतात. स्वीडनमध्ये १९८० नंतर हे वागणे बारकाईने नोंदले गेले. त्याला वाट दाखवतो तो वास. १९९४ सालच्या एका अभ्यासात ३० आयांचा एकच स्तन धुतला होता. त्यांच्यापैकी २२ बाळे न धुतलेल्या स्तनाकडे गेली. बाळाच्या हातांना गर्भजलाचा वास असतो आणि तोही त्याला मदत करतो. म्हणून अंग पुसताना बाळाचे हात तसेच ठेवावेत, आणि पहिली आंघोळ किमान एक दिवस पुढे ढकलावी. त्याने बाळ गारही पडत नाही.

काही घरांत पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, खराब समजून पिळून टाकतात आणि बाळाला मध, गुळाचे पाणी किंवा घुटी चाटवतात. यामागे माया असते, हे आपण विसरू नये. पण चिकातच रोगांशी लढण्याची शक्ती असते, आणि थेंबभर चीकही बाळाच्या लहानशा पोटाला पुरतो. ‘आजी, हे बाळाचे पहिले औषध आहे’, असे गोडीने सांगितले तर बहुतेक आज्या ऐकतात.

नवजात बाळाला सुमारे २० ते ३० सेंटीमीटरवरचे बरे दिसते. अंगावर पिणाऱ्या बाळापासून आईचा चेहरा जवळजवळ तेवढ्याच अंतरावर असतो. स्तोत्रसंहितेच्या १३९व्या अध्यायात दाविदाने आईच्या उदरातल्या घडणीबद्दल देवाचे उपकार मानले आहेत. हे अंतर मोजून पाहिले की त्या उपकारस्तुतीत आपलाही आवाज मिसळतो.

घाबरू नये अशा गोष्टी

मोठा आवाज झाला की बाळ दोन्ही हात फाकवून दचकते आणि मग मिठी मारल्यासारखे हात जवळ घेते. ही नजर लागल्याची खूण नाही आणि झटकाही नाही. निरोगी बाळ असेच दचकते. बाळ झोपेत हसले की सटवी त्याला हसवते, असे जुन्या बाया म्हणतात. खरे तर ते झोपेतले आपोआप येणारे हसू असते. आपल्याकडे पाहून बाळ हसते ते साधारण सहा ते आठ आठवड्यांनी. नवजात बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपते, दर दोन-तीन तासांनी पिण्यासाठी उठते, गालाला बोट लागले की तोंड तिकडे वळवते आणि तळहातात बोट दिले की घट्ट धरते. हे सगळे दिसत असेल तर बाळ आपल्याला ‘मी बरा आहे’ असे सांगत असते.

लवकर आलेले, लहान बाळ

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे ही तीन कामे एका तालात जमायला बाळाला साधारण ३४ आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेले बाळ चोखत नाही म्हणजे ते हट्टी आहे किंवा आईला दूध नाही, असे नसते. त्याचा सराव पुरा झालेला नसतो. अशा बाळाला दवाखान्यात नेऊन, तेथे शिकवतील त्याप्रमाणे आईचे काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजावे लागते.

पोटात जो सराव, जी ऊब आणि जो आवाज अपुरा राहिला, तो बाहेर कसा द्यायचा? कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एद्गार रेय यांच्यापुढे हा प्रश्न होता, कारण त्यांच्या रुग्णालयात उबदार पेट्या अपुऱ्या होत्या. त्यांनी बाळांना आयांच्या उघड्या छातीवर बांधून ठेवण्यास सुरुवात केली. हीच ‘कांगारू पद्धत’. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारत आणि आफ्रिकेतले चार देश मिळून एक मोठा अभ्यास झाला. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या छातीशी ठेवल्यास पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसून आले. आई थकली तर वडील, आजी, मावशी यांच्या छातीशीही बाळ ठेवता येते. मूल कापडाने अंगाशी बांधून रानात, शेतात वावरणाऱ्या आपल्या आदिवासी भगिनींना ही पद्धत समजायला वेळ लागत नाही.

वागणे बदलले की सावध व्हा

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत अभ्यास केला. गावातल्याच बायांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली गेली. तेथील नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. आज आशाताई घरी येऊन बाळ तपासतात, त्यामागे हेच काम आहे.

या कामाचे मर्म साधे होते. जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाला नेहमी ताप येतोच असे नाही. आधी बदलते ते त्याचे वागणे. म्हणून आईला विचारायचे:

काल जोरात रडणारे बाळ आज क्षीण रडते का, की रडतच नाही?
काल नीट पिणारे बाळ आज पीत नाही का?
हातपाय सैल पडले आहेत का? बाळ उठवूनही उठत नाही का?
अंग हाताला गार किंवा फार गरम लागते का?
श्वास फार जलद आहे का, छाती आत ओढली जाते का, कण्हण्यासारखा आवाज येतो का?
बेंबीतून पू येतो का? पोट फुगले आहे का?

यांतले काहीही दिसले तर त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. या प्रश्नांतला ‘काल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बाळ काल कसे होते, हे डॉक्टरांना माहीत नसते. ते आईलाच माहीत असते. ‘बाळ आज वेगळे वाटते’, असे आई म्हणाली तर तिची शाळा किती झाली आहे हे न पाहता तिच्यावर विश्वास ठेवावा.

दोष कोणाचा?

लहान किंवा अशक्त बाळ जन्मले की घरात आणि गावात आईकडे बोट दाखवले जाते. तिने काय खाल्ले, कुठे गेली, कोणाची बाधा झाली? योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही पाप कोणाचे, असेच विचारले होते. प्रभू येशूने तो दोष ना त्या माणसावर ठेवला, ना त्याच्या आईबापांवर.

आईचे पोट उपाशी असेल, अंगात रक्त कमी असेल, नवव्या महिन्यातही डोक्यावर पाण्याचे हंडे आणि मोळ्या असतील, तर बाळ लहान होण्याची भीती वाढते. तंबाखू-मिश्रीने वजन घटते. मोहाची असो वा दुकानातली, दारूने पोटातल्या बाळाच्या मेंदूला इजा होते. या गोष्टी तिला जरूर सांगाव्यात. पण हंडा उचलणारे दुसरे कोणी नसेल, तर नुसता उपदेश तिच्या डोक्यावरचे आणखी एक ओझे होतो. तिचा हंडा उचलणे हीच बाळाची पहिली सेवा आहे.

आपण काय करू शकतो

आदिवासी भागातल्या गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी शासनाची डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. अंगणवाडीत रोज एक वेळचे ताजे जेवण मिळते. आपल्या ओळखीच्या प्रत्येक मातेचे नाव तेथे आहे का, एवढे विचारले तरी काम होते. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेल्या मातांची नावे यादीतून सुटतात. शहरातल्या मंडळींनी आपल्या जवळच्या भट्टीवर कोणी गरोदर बहीण आहे का, हे पाहावे आणि तेथील आशाताईंना कळवावे.

ज्या भगिनी लोकरीच्या टोप्या आणि मोजे विणतात, त्यांनी अगदी लहान मापाचेही विणावेत. मऊ सुती कापडाचे लांब पट्टे बाळाला छातीशी बांधायला उपयोगी पडतात. रात्री गाडीची सोय करणारा एक माणूस प्रत्येक पाड्याजवळ असेल, तर वर सांगितलेल्या खुणा ओळखण्याला अर्थ आहे.

प्रार्थनेचे विषय

१. या तिमाहीत दिवस भरत आलेल्या मातांसाठी, त्यांना विसावा आणि पोटभर अन्न मिळावे म्हणून.
२. कमी दिवसांच्या बाळांसाठी आणि त्यांना रात्रंदिवस छातीशी धरणाऱ्या आईवडिलांसाठी.
३. आशाताई, अंगणवाडीताई, दाया आणि परिचारिका यांच्यासाठी, त्यांचे कान आणि डोळे सावध राहावेत म्हणून.
४. ज्यांचा पाळणा रिकामा राहिला त्या घरांसाठी, कोणी त्यांना दोष देऊ नये, आणि प्रभूने त्यांचे सांत्वन करावे म्हणून.